तक्रार केली तर व्हिसा जाईल का?

चोपडा तालुक्यातले एक आप्पा जळगावला समुपदेशनासाठी आले, ते लेकीसाठी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लेक इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयात बँड ५ ची, म्हणजे सुरुवातीच्या वेतनश्रेणीतली नर्स. रोज व्हिडिओ कॉलवर रडते, पण तक्रार म्हटलं की घाबरते. तिला पाठवायला केळीच्या शेतावर कर्ज काढलेलं. आजीचं पालुपद एकच, "चूप ऱ्हाय बेटा, दोन वरीस काढी ले."

पुढचं बोलणं लेकीशीच झालं. रात्रपाळी आटोपून ती खोलीवर पोचायची तेव्हा आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असत. "सगळे मला कमी लेखतात," एवढंच सांगायची. ते खरंही असेल, पण चौकशीत टिकत नाही. म्हणून आधी एकेक प्रसंग सुटा केला.

त्यातली एक गोष्ट भेदभावाची नव्हतीच. जळगावात रोज पंधरा-वीस आयव्ही लाइन टाकणाऱ्या मुलीला तिथे शिरेतून औषध द्यायची मुभा नव्हती. नव्यानं प्रशिक्षण घ्यावं लागतं, सक्षमतेची सही मिळवावी लागते. आपल्या नर्सेसना हे फार झोंबतं, पण तो नियम सगळ्यांनाच आहे. खोट पुढे होती. मागून आलेल्या गोऱ्या सहकारिणीला ही सही तीन आठवड्यांत मिळाली, हिला चार महिने नुसतं "बघू". सही नाही म्हणून वरच्या बँड ६ चा अर्जही अडलेला. अशी तुलना हाती लागली की तक्रारीला बळ येतं.

मग वही. तिच्या इंग्रजी नोंदीचा अर्थ असा: "ता. १४, रात्री २.४०, बे ३ (वॉर्डातला भाग). रुग्ण म्हणाला, इंग्रजी येणारी नर्स पाठवा, ही नको. इन्चार्जने मला दुसऱ्या बेला पाठवलं, रुग्णाला काही म्हटलं नाही. हेल्थकेअर असिस्टंट हजर." नोंद त्याच पाळीत व्हावी, बोलणाऱ्याचेच शब्द असावेत. "ती रेसिस्ट आहे" हा निकाल आपण लिहायचा नाही. रुग्णाचं नाव किंवा केसपेपरचा फोटो तर नाहीच, व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चाही नको. गोपनीयता मोडली की प्रकरण उलटून आपल्याच नोंदणीवर, म्हणजे एनएमसी या तिथल्या नर्सिंग नियामक संस्थेकडे जाऊ शकतं. खरं तर तातडीची गरज नसेल तर वंशद्वेषी शिवीगाळ करणाऱ्या रुग्णावर उपचार नाकारायची मुभा तिथल्या रुग्णालयांना २०२० पासून आहे. निदान समज तरी द्यायची होती.

लेखी तक्रारीत आपल्या मुली "त्रास होतो" लिहितात आणि "वंश" हा शब्द संकोचानं गाळतात. इथेच फसतात. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये तक्रारदारावर सूड उगवायला बंदी आहे, पण त्यासाठी तक्रारीत भेदभावाचा आरोप दिसायला हवा. "हे माझ्या वंशामुळे घडलं असं मला वाटतं" हे वाक्य घालाच. दुसरी मेख मुदतीची. ट्रायब्युनलसाठी, म्हणजे नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासाठी, घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच मुदत धरून चाला. रुग्णालयाची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. त्याआधी 'एकास' (Acas) या समेट घडवणाऱ्या संस्थेला कळवावं लागतं. युनियनचं सदस्यत्व तिथे पोचल्याच्या आठवड्यात घ्यावं; भांडण पेटल्यावर घेतलं तर जुन्या प्रकरणात ती बहुधा उभी राहत नाही. असे दावे जिंकता येतात. मिशेल कॉक्स या वरिष्ठ नर्सनं २०२३ मध्ये एनएचएस इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थेविरुद्ध जिंकला. त्यातही टीमच्या कार्यक्रमांतून वगळण्यासारख्या, वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी होत्या.

आणि व्हिसा? तक्रार केली म्हणून तो जात नाही. नोकरी सुटली तर धोका असतो: रुग्णालय गृहखात्याला कळवतं आणि मग नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाला आधार देणारा मालक, शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. म्हणून रागाच्या भरात राजीनामा द्यायचा नाही. सोडायचंच असेल तर आधी दुसरी नोकरी, आणि करारात पैसे परत करण्याचं कलम आहे का तेही बघायचं.

मध्येच एकदा ती म्हणाली, "होस्टेलला धडगावची पावरा आदिवासी मैत्रीण होती. तिच्या मराठीची आम्ही नक्कल करायचो." त्या दिवशी पुढे फारसं बोलणं झालं नाही.

युनियनच्या प्रतिनिधीला सोबत घेऊन तिनं लेखी तक्रार दिली. प्रत "फ्रीडम टू स्पीक अप" गार्डियनला, म्हणजे कर्मचाऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकायला रुग्णालयात नेमलेल्या व्यक्तीला. सही नवव्या दिवशी मिळाली. रात्रीच्या त्या प्रसंगाची चौकशी अजून चालू आहे. आजीला यातलं काही सांगितलेलं नाही. आप्पा म्हणाले, कर्जाचा पुढचा हप्ता गेला की सांगू.