शब्दांची विचारपूस : घाम आला की ऊन पडलं?

प्रश्न : वसतिगृहात माझ्या खोलीत नेपाळचा एक मुलगा राहतो. ऐन थंडीत सकाळी खिडकी उघडून तो आनंदाने म्हणाला, ‘घाम लाग्यो!’ मला काही कळेना. मग समजलं, त्याच्याकडे घाम म्हणजे ऊन. मग मूळ अर्थ कुणाचा, त्यांचा की आपला?

उत्तर : दोघांनीही वारसा नीट सांभाळलाय. संस्कृतात ‘घर्म’ म्हणजे मुळात उष्णता. हा शब्द थेट ऋग्वेदात सापडतो. यज्ञात तापवलेल्या दुधालाही घर्म म्हणत. ‘कर्म’चं प्राकृतात ‘कम्म’ आणि मराठीत ‘काम’ झालं, त्याच वाटेने घर्म, घम्म, घाम. उष्णता कुठून येते ते नेपाळीने पाहिलं, म्हणून तिथे ऊन. त्या उष्णतेने अंगाचं काय होतं ते आपण पाहिलं. कोकणी आणि बंगाली याबाबतीत आपल्या बाजूच्या, तिथेही घाम अंगालाच येतो. भोजपुरी, अवधी, गढवाली मात्र नेपाळीच्या पंगतीला.

थंड मुलखात उन्हाचं अप्रूप म्हणून तो अर्थ टिकला, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. भोजपुरी मुलूख उन्हाळ्यात भाजून निघतो, तरी तिथे घाम म्हणजे ऊनच. शब्द हवामान बघून अर्थ निवडत नाहीत. आणि हिंदीतली ‘घमौरी’ बघा ना! ती म्हणजे आपलं घामोळं.

आता आपल्या ‘ऊन’कडे या. तो आला ‘उष्ण’वरून, म्हणजे तोही मुळात नुसता गरमच. ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तेव्हा त्या भातावर सूर्यप्रकाश पडलेला नसतो. तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. कोकणीत ‘हून उदक’ म्हणजे गरम पाणी. नेपाळीने घर्माला आकाशात नेलं, आपण उष्णाला नेलं. चाल एकच, शब्द वेगळे. हे मला फार सुंदर वाटतं.

‘गरम’ फारसीतून आला, पण तोही घर्माचाच चुलत भाऊ, आणि ग्रीक ‘थर्मॉस’ म्हणजे उष्ण, तोही त्याच घराण्यातला. ताप आल्यावर थर्मामीटर लावता, तेव्हा घामाच्या भावकीतलाच एक काखेत असतो. तुमच्या मित्राला हे जरूर सांगा. आणि थंडीत तो ‘घाम ताप्न जाऔँ’ म्हणाला, तर चला त्याच्याबरोबर, तो उन्हात शेकायलाच बोलावतोय.

प्रश्न : उत्तर भारतातल्या एका खटल्याच्या बातमीत ‘दोनों पक्षों में राज़ीनामा हो गया’ असं वाचलं. पक्षकार राजीनामा कसा देतील?

उत्तर : फारसीत राज़ी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. म्हणून हिंदी-उर्दूत राज़ीनामा म्हणजे समझोता. आपल्या अर्थाचा दुवा महसुलाच्या जुन्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. राजीखुशीने सोडल्याचा लेख, तो जमिनीचा असो की पदाचा. गुजराती, कन्नड, तेलुगूतही राजीनामा म्हणजे पद सोडणंच. आणि वरच्या पत्रलेखकाच्या मित्राला विचारलंत, तर तोही हेच सांगेल. इथे नेपाळी आपल्या बाजूची आहे.