आडनावांवरच्या कोट्या: मुक्ताला पत्र

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

परवा नाशिकहून फोनवर तू विचारलेल्या प्रश्नाला घाईत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. पंचवटीत आजोबांकडे सामना पाहायला जमणारी मंडळी खेळाडूंच्या आडनावांवरून काहीतरी बोलतात आणि सगळे पोट धरून हसतात. तू मात्र इथे शाळेत एका मुलीच्या आडनावाला हसलीस तेव्हा आम्ही तुला रागावलो होतो. मग आजोबांना हे कसे चालते, असा तुझा प्रश्न आहे आणि तो अगदी रास्त आहे.

आजोबा जे करतात त्याला कोटी करणे म्हणतात. एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्याच्या या खेळाला व्याकरणात श्लेष असे नाव असून मराठी शाळांतून तो अलंकार म्हणून शिकवतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत कोट्या चालतातच, आणि क्रिकेटवर तर मराठी माणसाचा जीव. त्यामुळे या दोन आवडी एकत्र आल्या नसत्या तरच नवल. मात्र आजोबांचे बोलणे नीट ऐकलेस तर तुझ्या लक्षात येईल की खेळाडूने मैदानावर काही करून दाखवल्याशिवाय ते त्याच्या आडनावाला हात लावत नाहीत.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या नाशिकचेच आहे. बापू नाडकर्णी यांचा जन्म १९३३ साली नाशिकला झाला. गावाचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी, तसा नाडाचा, म्हणजे अनेक गावे मिळून होणाऱ्या प्रदेशाचा, हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. आता हे आडनाव मनात ठेवून जानेवारी १९६४ मधला मद्रासचा कसोटी सामना पाहा. इंग्लंडविरुद्धच्या त्या डावात डावखुऱ्या फिरकीपटू नाडकर्णींनी ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव होती आणि त्यांनी दिलेल्या धावा होत्या फक्त पाच. त्यांतही सलग २१ षटके अशी गेली की एकही धाव निघाली नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकत असत, असे सांगतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘नाडकर्णींनी वही उघडली आणि साहेबाला पाचाच्या वर उधारी दिलीच नाही.’ या एका वाक्यात आडनावाचा जुना अर्थ आहे, धावांचा खरा आकडा आहे आणि त्या गोलंदाजीबद्दलचा आदरही आहे. मला ही कोटी फार आवडते, कारण आकडा विसरलेल्या माणसालाही ती तो पुन्हा आठवून देते.

दुसरी मोठी खाण म्हणजे ‘कर’. बहुधा गावाच्या नावाला ‘कर’ लागून अशी आडनावे होतात. पण कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारला द्यावा लागणारा पैसा आणि ‘कर’ ही आज्ञाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडला हरवून तिथली पहिली कसोटी मालिका जिंकली, त्या अकरा जणांत गावसकर, वाडेकर आणि सोलकर असे तीन ‘कर’ होते. एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, उभा राहत असे. त्या सामन्यात त्याने पुढे झेपावून अ‍ॅलन नॉटचा झेल टिपला आणि कारकिर्दीच्या २७ कसोटींत असे ५३ झेल घेतले. ‘सोलकरने साहेबाकडून कर वसूल केला’ हे वाक्य म्हणून दोन्ही अर्थांनी खरे ठरते.

बाकीची उदाहरणे तू आजोबांकडूनच ऐक. अंशुमन गायकवाडने १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे खेळून २०१ धावा केल्या, तेव्हा त्याने कवाड लावून घेतले होते असे म्हणायला काहीच हरकत नाही. नाशिकच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे २०२० मध्ये, अ‍ॅडलेडला संघ ३६ धावांत गारद झाल्यावर, मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा करीपर्यंत खेळपट्टीवर राहिला. परदेशी नावेही यातून सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियाचे जुळे भाऊ स्टीव्ह आणि मार्क वॉ एकत्र खेळू लागले की ‘वॉ, वॉ’ असा उद्गार आपोआप दाद होऊन जाई. श्रीलंकेच्या चामिंडा वासवरून मात्र निव्वळ वासाचे विनोद होत, आणि ते मला कधीच रुचले नाहीत. २००३ च्या विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध सामन्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन बळी घेणाऱ्या गोलंदाजाच्या खेळाशी त्या विनोदाचा काहीही संबंध नव्हता.

इथेच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या समाजात आडनावावरून माणसाची जात ताडण्याची वाईट खोड अजून गेलेली नाही, म्हणून आडनावावर हसताना फार जपावे लागते. दलित समाजातले गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात त्यांच्याच गोलंदाजीवर सामने जिंकणारे सहकारी त्यांना वेगळ्या भांड्यात, बाहेर बसवून चहा देत. ज्या कोटीचा रोख माणसाच्या जातीकडे, गावाकडे किंवा रूपाकडे जातो, ती कितीही चतुर असली तरी आजोबांच्या घरात केली जात नाही. एका पाहुण्यांना त्यांनी भर सामन्यात, आवाज न चढवता, पण स्पष्ट शब्दांत थांबवलेले मी लहानपणी पाहिले आहे. तू ज्या मुलीला हसलीस तिने काहीच केले नव्हते. तिचे आडनाव तुझ्या कानाला नवे होते, एवढेच.

आता तुला एक काम देते. सत्यजित बच्छाव हा नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळला आहे आणि हे आडनाव आपल्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात घरोघरी आहे. ‘बच्छाव गोलंदाजीला आला की बचाव समोरच्याने करायचा,’ अशी कोटी मला इथे बसल्या बसल्या सुचली आहे. ती आजोबांना ऐकव, आणि त्यांनी मान्य केली की नाही ते मला पुढच्या फोनवर सांग.

तुझी,
आई