चिठ्ठी झाडाजवळ बसूनच लिही

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबतचे, वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या तिन्ही शीटचे फोटो मी मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. तुझा घोळ नव्या जातीच्या नावाचा आहे. सर म्हणतात ज्यांनी प्रकल्पाला मदत केली त्यांचं नाव देऊ. तुझ्या मनात आजी आहे, मैत्रीण म्हणते गावाचं दे. त्यात दुसऱ्या विद्यापीठातली मुलं त्याच भागात फिरताना दिसली, म्हणून दिवाळीच्या आत पेपर गेलाच पाहिजे. झोप लागत नाही असं लिहिलं आहेस.

झोप मलाही लागली नाही, पण नावामुळे नव्हे. तिन्ही शीटवर एकच चिठ्ठी आहे: ‘सातारा जिल्हा, ऑगस्ट’. एवढंच! कुठला सडा, डोंगरमाथ्यावरचं कुठलं कातळपठार? सड्याचा मधला उघडा कातळ, की कडेचा गवताचा पट्टा? पाण्याच्या डबक्याच्या काठी होतं का? किती झाडं होती? पाकळीचा रंग काय होता, तिच्यावर ठिपका होता का? ही कावळा नावाच्या रानफुलाच्या कुळातली, पर्यटक ज्याला मिकी माउसचं फूल म्हणतात तसली स्मिथिया आहे हे मला फोटोवरून कळतं. पण पिवळी पाकळी वाळून तपकिरी झाली आहे आणि तू काहीच लिहिलेलं नाहीस. आता ते कोण सांगणार?

तुझ्या टेबलावर कुकच्या फ्लोराचे, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या जुन्या ग्रंथाचे, खंड असतात. त्यात जातीच्या नावापुढे ‘डॅल्झ.’ हा तुकडा तू शंभरदा वाचला असशील. थांबून कधी विचारलंस का, हा माणूस कोण? निकोल अलेक्झांडर डॅल्झेल, जन्म १८१७, एडिंबरोचा. १८४१ मध्ये तो मुंबईला आला तो जकात, मीठ आणि अफू खात्याचा साहाय्यक आयुक्त म्हणून. वनस्पतींसाठी त्याला पगार नव्हता. कोकण किनाऱ्यावर मिठाचा आणि जकातीचा हिशेब बघायचा आणि मधल्या वेळात झाडं गोळा करायची, असं वीस वर्षं चाललं. १८५० पासून त्याची वर्णनं हूकरच्या मासिकात येऊ लागली. १८६१ मध्ये त्याने आणि अलेक्झांडर गिब्सनने मिळून मुंबई इलाख्याचा फ्लोरा भायखळ्याच्या छापखान्यात छापला. एका खंडात सगळा इलाखा, चित्र एकही नाही. पुढच्याच वर्षी गिब्सनच्या जागी तो वनसंरक्षक झाला. तुझा कावळा ज्या स्मिथिया सेट्युलोजाच्या शेजारी ठेवून तू केस मोजत होतीस ना, तिचं नावही त्याचंच. इम्पेशन्स पुल्चेरिमा हा तेरडाही त्याचा. पुल्चेरिमा म्हणजे सर्वांत सुंदर. कोकणात भर पावसात तो फुललेला पाहिलास की जकातीच्या कारकुनीतून आलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द का निघाला ते कळतं.

मात्र मला त्याची आठवण झाली ती दुसऱ्या झाडामुळे. शिंदळ माकुडी. तू ती पाहिलेली नाहीस, मागे विचारलं तेव्हा म्हणाली होतीस. मी पहिल्यांदा शिवनेरीवर पाहिली, विद्यार्थिनी असताना. कड्याच्या फटीतून बोटाएवढे मांसल दांडे लोंबत होते आणि त्यांना चक्क पानं होती. माकडशिंगीच्या जवळची नातलग असून पावसाळ्यात भरघोस पानं धरणारी, उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या दांड्यावर राहणारी. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच टोकांची चांदणी, गडद लालसर तपकिरी, त्यावर पिवळ्या खुणा. माश्या त्यावर बसायला येतात. आमच्या सरांनी आम्हाला हात लावू दिला नाही. वही काढायला लावली आणि तिथेच कातळावर बसून लिहायला लावलं. पाठीवर पाऊस पडत होता. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

हे झाड डॅल्झेलने जुन्नरच्या डोंगरांतून घेतलं आणि १८६० च्या दशकात फ्रेरिया इंडिका या नावाने छापलं. प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, नवी; जाती, म्हणजे दुसरा शब्द, तीही नवी. फ्रेरिया कुणावरून? मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर. म्हणजे तुझ्या सरांचा प्रश्न काही नवीन नाही, दीडशे वर्षांपूर्वीही तोच होता. मोठ्या माणसाचं नाव द्यायला मी विरोध करत नाही, आजीच्याही नावाला नाही. नाव काहीही दे. पण त्या नावाचं पुढे काय झालं ते ऐक. १९५८ मध्ये फ्रेरिया प्रजाती मोडून ते झाड कॅरालुमात टाकलं. तिथे कॅरालुमा इंडिका आधीच दुसरं एक झाड होतं, म्हणून ‘इंडिका’ गेलं आणि ‘फ्रेरी’ आलं. मग ते बुसेरोसियात गेलं. डॅल्झेलने दिलेले दोन्ही शब्द उडाले. जुन्नर मात्र राहिलं. जुन्नर लिहिलेलं होतं म्हणून पुढच्या माणसाला कुठे चढायचं ते कळलं. आज पुरंदर, सज्जनगड, रंधा असल्या मोजक्या ठिकाणी हे झाड आहे आणि ते धोक्यात आहे असं आपण म्हणतो. ते म्हणता येतं ते अशा ठिकाणांच्या चिठ्ठ्या आहेत म्हणूनच.

आता उलट उदाहरण देते, म्हणजे मी उगाच खेकसत नाही हे तुला कळेल. डॅल्झेलच्याच काळात स्टॉक्स नावाचा डॉक्टर होता, सिंधमध्ये आणि आपल्याकडे त्याने अफाट गोळा केलं. १८५४ मध्ये, जेमतेम तिशी उलटलेली असताना तो गेला. त्याचे आणि लॉ नावाच्या मुलकी अधिकाऱ्याचे नमुने एकत्र झाले आणि एकाच छापील चिठ्ठीखाली जगभर वाटले गेले: मलबार, कोकण इत्यादी, गोळा करणारे स्टॉक्स, लॉ इत्यादी. ‘इत्यादी’! एका माणसाच्या आयुष्यभराच्या पायपिटीवर तो शब्द बसला. त्यातलं एखादं शीट समोर आलं की झाड रत्नागिरीचं की पार केरळातलं, घाटावरचं की खाडीकाठचं, काही सांगता येत नाही. वाळलेली पानं शाबूत आहेत, फूल शाबूत आहे, पण त्याचं गाव गेलं. तुझं ‘सातारा जिल्हा, ऑगस्ट’ ह्याच जातकुळीतलं आहे. वाईट वाटून घे, मला चालेल.

चिठ्ठी झाडाजवळ बसूनच लिहायची. घरी नाही, लॉजवर नाही, एसटीत नाही.

का एवढं म्हणते ते सांगते. मी हे फारसं कुणाला सांगितलेलं नाही. १९८४ चा श्रावण. आम्ही दोन दिवसांत दोन सडे केले, पाऊस थांबायला तयार नव्हता. शेवटची एसटी चुकेल म्हणून झाडं भराभर दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये घातली आणि चिठ्ठ्या रात्री लॉजवर लिहिल्या, कंदिलाच्या उजेडात, आठवून. ओले पेपर बदलताना पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाचे गठ्ठे एकमेकांत गेले. मला वाटलं लक्षात आहे. एका छोट्या गवतासारख्या झाडाचं नवं ठिकाण म्हणून मी ती नोंद छापली. दहाएक वर्षांनी एक मुलगा ते झाड शोधत माझ्या नोंदीतल्या सड्यावर तीन पावसाळे फिरला. मिळालं नाही. तो माझ्याकडे आला, मी फील्ड बुक काढलं, आणि त्याच्यासमोर पानं उलटता उलटता मला कळलं की झाड दुसऱ्या सड्यावरचं होतं. आम्ही दोघं तिथे गेलो. ज्या डबक्याकाठी ते होतं असं मला वाटत होतं तिथून खडीचा रस्ता गेला होता. दुरुस्ती मी छापली. पण माझी मूळ चुकीची नोंदच अजून याद्यांमध्ये येते, दुरुस्ती कुणी वाचत नाही. त्या मुलाचे तीन पावसाळे मी परत देऊ शकले नाही.

त्यानंतर मी हट्टी झाले. एकदा वरिष्ठांनी जुने, ठिकाण नसलेले नमुने पुढे केले आणि म्हणाले, यातून दोन नव्या जाती निघतात, तुमचं नाव दुसरं टाकू. मी नाही म्हटलं. ठिकाण कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, अंदाजे घाला. मी सही केली नाही. माझी बढती नऊ वर्षं अडली. घरचे म्हणाले, सही करून टाकायला काय जात होतं? कित्येक रात्री मीही तेच म्हटलं. पण तो तीन पावसाळे फिरलेला पोरगा डोळ्यांसमोर असताना ‘अंदाजे’ हा शब्द मी कुठल्या हाताने लिहिणार होते? मी बरोबर होते. आजही तेच करीन. तू मात्र माझ्यासारखी सरांशी भांडायला जाऊ नकोस, त्याची गरज नाही. फक्त म्हण, एक पावसाळा द्या. खरं कारण सांग, चिठ्ठी अपुरी आहे.

ती दुसरी मुलं आधी छापतील? छापू देत. त्यांनी नीट केलं असेल तर झाडाला नाव मिळेल, नीट केलं नसेल तर तुझं काम उरेलच. १९५८ पासून टाइप नमुना नेमल्याशिवाय नव्या जातीचं नाव वैध धरत नाहीत, हे तुला पाठ आहे. मग ज्या शीटवर नाव कायमचं टांगायचं, त्या शीटला गाव नको?

आणि नावाबद्दल इतकी तळमळ आहे म्हणून एक सांगते. कासला ऑगस्टमध्ये पांढऱ्या छत्र्यांचे गुच्छ डोलतात ते तू पाहिलेत. डॅल्झेलने १८५० मध्ये त्याला हेराक्लियम म्हटलं आणि पुढे कोकणाचं विशेषण जोडलं. १९८६ मध्ये त्यासाठी प्रजातीच वेगळी केली, आणि तिला नाव दिलं पिंडा, इथल्या माणसांच्या तोंडचं. कोकणाचं विशेषण तसंच राहिलं. कुणीतरी कधीतरी गावातल्या माणसाला विचारलं, तुम्ही याला काय म्हणता, आणि लिहून ठेवलं, म्हणून हे झालं. तू विचारलंस का? सड्यावर गुरं चारणाऱ्या बाईला तुझा कावळा दाखवलास? ती काय म्हणते ते चिठ्ठीवर लिही, तिच्याच शब्दात.

नाही लिहिलं तर काय होतं तेही बघ. गिब्सनच्या दापोडीच्या बागेतली झाडं १८४७ ते १८५० मध्ये एका चित्रकाराने रंगवली. चित्रं एडिंबरोला आहेत, अजून देखणी आहेत. चित्रकार इथलाच पोर्तुगीज वळणाचा माणूस होता एवढंच माहीत आहे. इतकी वर्षं त्याच्याकडून काम करून घेतलं आणि त्याचं नाव टिपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. मला त्या चित्रांपेक्षा त्या न लिहिलेल्या ओळीचा जास्त त्रास होतो.

तू त्या सड्यावर पुन्हा जा, त्याच जागी. जीपीएसचा आकडा घे, पण त्यावरच थांबू नकोस, कारण आकडा लिहिताना एक अंक चुकला की झाड समुद्रात जातं. शब्दांतही लिही: गावाचं नाव, वाडी, देवळापासून कुठल्या दिशेला, कातळ की माती, शेजारी कुठलं गवत. ताजं फूल हातात असताना पाकळीचा रंग लिही, ठिपके मोज, केस भिंगातून बघ, वास घे. झाडं थोडी असतील तर एकच फांदी घे आणि किती शिल्लक ठेवलीस तेही लिही. भरपूर असतील तरच दोन-तीन जास्त घे: एक शीट पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेकडे जाईल, एक झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमला. एका ठिकाणी वाळवी लागली तर दुसरीकडे राहील.

गुरुवारी निघणार असशील तर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. माझं १९८४ चं फील्ड बुक तुला दाखवायचं आहे. आणि शाईचं पेन घेऊ नकोस, सड्यावर ते पाच मिनिटांत फुटतं. शिसपेन्सिल घे, दोन घे, एक दोरीने वहीला बांधून ठेव.

तुझी,
बाई