व्हेनिस आणि बासेल एकाच आठवड्यात? पैसे भरण्याआधी हे वाचा

सासूबाईंना घेऊन युरोपला जायचं म्हणून तुमच्या ट्रॅव्हल एजन्सीने दिलेला आणि तुम्ही इथे टाकलेला कार्यक्रम वाचला. ३ रात्री इटलीतलं व्हेनिस, मग स्वित्झर्लंडमध्ये २ लुझर्न, २ बासेल, ३ ते १० फेब्रुवारी २०२७, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सगळीकडे कार्निव्हल’, म्हणजे मुखवटे-मिरवणुकांचा उत्सव. अजून पैसे भरले नसतील तर कृपया थांबा. त्या तारखांना बासेलमध्ये कार्निव्हल नाही. तुम्ही १० तारखेला परत निघणार आणि तिथला उत्सव १५ तारखेच्या सोमवारी पहाटे ४ वाजता सुरू होणार.

हे इतक्या ठामपणे लिहितोय कारण आमच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. आमच्या एजन्सीचं ऑफिस ठाण्यातलं होतं, नाव लिहीत नाही. तुमचं खारघरचं आहे म्हणजे वेगळंच असणार, पण कार्यक्रमाचा साचा तोच दिसतो.

आधी तारखांचं गणित. युरोपातले हे बहुतेक उत्सव ईस्टरवर ठरतात आणि ईस्टर चंद्रावर, म्हणून दरवर्षी तारीख सरकते. ईस्टरच्या ४६ दिवस आधीच्या बुधवारी ख्रिश्चनांचा उपवासकाळ सुरू होतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे तो बुधवार १० फेब्रुवारीला येतो. व्हेनिस आणि लुझर्न आदल्या दिवशी, मंगळवारी आटोपतं. बासेल मात्र त्या बुधवारनंतरच्या सोमवारी सुरू होतं. पूर्वी उपवासाचे ४० दिवस रविवार धरून मोजत. पुढे रविवार वगळायचं ठरल्यामुळे सुरुवात सहा दिवस आधी आली, पण बासेलने जुनी तारीख सोडली नाही. उत्तरेत श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, तसंच समजा: महिना एकाच नावाचा, मोजणी वेगळी.

आमच्या ऑफिसला हे माहीत नव्हतं, त्याबद्दल राग नाही. राग पुढच्याचा आहे. निघायच्या बऱ्याच आधी पत्नीने बासेलच्या अधिकृत संकेतस्थळावरची तारीख त्यांना दाखवली. उत्तर आलं, ‘मॅडम, कार्निव्हल महिनाभर चालूच असतो.’ पुन्हा विचारलं तर आमची फाईल दुसऱ्या माणसाकडे गेलेली. तो म्हणाला, व्हिसा याच तारखांवर झालाय, आता काही हलवता येणार नाही. हॉटेलं रद्द केली तर परतावा शून्य, हेही तेव्हाच कळलं. हॉटेलांचे व्हाउचर त्याआधी आम्हाला दिलेच नव्हते. तारीख चुकणं एक वेळ समजू शकतं, पण दाखवून दिल्यावरही ग्राहकालाच वेड्यात काढायचं? शेवटी आम्ही बासेलला पोचलो तेव्हा दुकानांतून उत्सवाचे बिल्ले विकायला ठेवले होते आणि जो तो सांगत होता, पुढच्या सोमवारी या. वर्षभर पैसे साठवून केलेली सहल होती ती. नंतर स्वतः सगळं ठरवून पुन्हा गेलो, तेव्हा कुठे पाहायला मिळालं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. व्हेनिस काढून टाका. मुखवटे सुंदर असतात, पण तुमच्या सासूबाईंना त्या गर्दीत पुलांच्या पायऱ्या चढउतर करायला लावू नका. मुंबईहून थेट विमानाने झुरिक, तिथून रेल्वेने बासेल तासाभरावर, आणि १३ ते १८ तिथेच राहा. सोमवारी पहाटे बरोबर चारला जुन्या शहरातले रस्त्यावरचे दिवे बंद करतात आणि अंधारात मोठाले रंगवलेले कंदील घेऊन, ढोल आणि छोट्या बासऱ्या वाजवत मंडळं निघतात. ७२ तास हे चालतं, गुरुवारी पहाटे चारला संपतं. २०१७ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. मला जगात याच्याइतकं काही आवडलेलं नाही. सासूबाईंना पहाटे जमणार नसेल तरी हरकत नाही. सोमवारी आणि बुधवारी दुपारी मोठी मिरवणूक असते, मंगळवार मुलांचा असतो, आणि सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत सगळे कंदील कॅथेड्रलसमोरच्या चौकात मांडून ठेवतात. ते निवांत बघता येतात.

व्हेनिसच हवं असेल तर मंगळवारी ९ तारखेपर्यंत व्हेनिस आणि लुझर्न करा आणि बासेल विसरा. दोन्ही हट्टाने एकत्र करायचं तर मध्ये पाच रात्री काढाव्या लागतील. स्वित्झर्लंडमध्ये ते स्वस्त नाही.

हे व्हिसाआधी ठरवणं का महत्त्वाचं, तर आमच्यासारखं नंतर तारखांवर अडकायला नको. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे करायचा असतो. तुमच्या आताच्या कार्यक्रमातही स्वित्झर्लंडच्या ४ रात्री आहेत, त्यामुळे व्हेनिस काढलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंतही जाऊ शकतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरकलेलं बरं. मी व्हिसाचा जाणकार नाही, नियम बदलतात, अर्ज करताना दूतावासाचं पान स्वतः उघडून बघा. एजन्सीच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. प्रत्येक हॉटेलचं व्हाउचर आणि रद्द करण्याची अट ईमेलवर मागा. देत नसतील तर दुसरी एजन्सी बघा, ठाणे-नवी मुंबईत काही कमी नाहीत.

थोडं किरकोळ. बासेलच्या हॉटेलात उतरलात की शहरातली बस-ट्राम फुकट असते, कार्ड मागून घ्या. तिथे पाहुण्यांनी वेष करायचा नसतो, चेहरा रंगवू नका. पहाटेच्या मिरवणुकीत फ्लॅश मारू नका, लोकांना मनापासून राग येतो. बिल्ला मात्र विकत घ्या, उत्सवाच्या खर्चाला त्यातून हातभार लागतो, आणि तो नसला की मूठभर कागदाचे तुकडे डोक्यावर येतात. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय: त्या दिवसांत पिठाचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते बहुधा मांसाच्या रश्श्यात करतात, तेव्हा विचारूनच घ्या. कांद्याच्या ‘पाय’मध्येही (pie, भट्टीत भाजलेला पदार्थ) कुठे कुठे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

नवा कार्यक्रम हातात आला की इथेच टाका, तारखा मी तपासून देईन.