ड्युटीतली पायपीट म्हणजे व्यायाम नव्हे

नर्स म्हणून वॉर्डात दिवसभर पळतेच, मग वेगळा व्यायाम कशाला, असं तू विचारलंस. पण ती पायपीट तुझ्या मर्जीची नसते. पेशंटला वर सरकवताना कंबर वाकडी, राउंडला ताटकळत उभं राहणं, मध्येच बेल वाजली की धाव. यात शरीर झिजतं, दमसास वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. आकडा बघून घाबरू नकोस, तुकड्यातुकड्यांत केला तरी चालतो.

नाइट संपवून थेट जिम मात्र नको. आधी झोप. उठल्यावर २० मिनिटं भरभर चाल, फोन सायलेंटवर (वॉर्डचा ग्रुप तर कायमचाच म्यूट कर). आठवड्यातून दोनदा पाठ-मांड्यांचे ताकदीचे व्यायाम; पेशंटला कुशीवर वळवताना फरक कळेल.

आणखी एक. पेशंटचाच राग यायला लागला, आपल्या कामाला काही अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर ते नुसतं थकणं नव्हे, बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून रिकामं होण्याची, खूण आहे. चालण्याने थोडा उतार पडेल, पण लागोपाठच्या डबल ड्युट्यांवर ते औषध नाही. तेव्हा सरळ वॉर्डच्या इन्चार्जकडे जा आणि रोस्टरचं, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाचं, बोल.