चाकाचा पंप गादीला चालेल का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण तापोळ्याला तंबूत राहायला जाणार आहोत. दोघांना पुरतील अशा हवेच्या तीन गाद्या घेतल्या आहेत. गाडीच्या चाकात हवा भरायचा चार्जिंगचा पंप घरात आहे. दीर म्हणतात, ‘१५० पीएसआयचा पंप आहे, त्याच्यापुढं गादी म्हणजे काय!’ तरीही वेगळा पंप घ्यावा का? घेताना काय बघावं? — एक वाचक, विटा

उत्तर : ताई, तुमच्या दिरांसारखाच मीही एकदा बोललो होतो. साताऱ्यात मोटारी वायंडिंग करण्यात जन्म गेला, मला पंपाचं कोण शिकवणार, ही घमेंड. बामणोलीला पाण्याकाठी चाकाचा पंप गादीला लावला. दहा मिनिटांत त्याचं पितळी तोंड चटका बसेल इतकं तापलं, आणि गादीच्या नुसत्या सुरकुत्या गेल्या. गार व्हायला ठेवायचा, परत चालवायचा, असं करता करता अंधार पडला. शेवटी बायको म्हणाली, ‘राहू द्या आता, सतरंजी आणलीय मी.’

दोष पंपाचा नव्हता. पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप. मोटारीच्या चाकाला ३०-३३ पीएसआय लागतो, म्हणून त्या पंपात बारका दट्ट्या असतो. तो हवा थोडीथोडी ढकलतो, पण जोरानं. गादीला एक पीएसआयसुद्धा लागत नाही, तिला नुसती ढीगभर हवा पाहिजे. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद, नऊ इंच उंच गादी घ्या. गुणाकार केला तर सहाशे लिटरच्या वर जातो. आतल्या पट्ट्या, गोल कडा सोडून पाचशे धरा. चाकाचा छोटा पंप मिनिटाला १५ लिटरच्या आसपास देतो, म्हणजे एका गादीला अर्धा तास. तुमच्या तर तीन. ठरवलेल्या दाबावर पंप आपोआप थांबेल म्हणाल, तर बऱ्याच पंपांत कमीत कमी ३ पीएसआयच लावता येतो, आणि तेवढ्यात गादीचा जोड उसवेल.

तेव्हा वेगळा पंप घ्याच. गादीच्या पंपात दट्ट्या नसतो, पंखा असतो. खोक्यावर पीएसआय शोधू नका, मिनिटाला किती लिटर ते बघा. २०० लिटरवाला तीन-चार मिनिटांत गादी उभी करतो. आवाज मात्र मिक्सरसारखा. शेजारच्या तंबूत कुणी झोपायच्या आत उरकून घ्या.

बॅटरीवरचा एमएएच (मिलिअँपिअर-अवर) आकडा एकटा बघून फसू नका. त्याला व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की वॅट-अवर, म्हणजे बॅटरीतली एकूण ऊर्जा कळते. ३.७ व्होल्टवर ३६०० एमएएच म्हणजे १३ वॅट-अवर, ११.१ व्होल्टवर २००० एमएएच म्हणजे २२. दुसरीत जास्त दम. तीन गाद्या भरायच्या आणि सकाळी त्याच पंपानं हवा ओढून रिकाम्या करायच्या, एवढं एका चार्जिंगमध्ये झालं पाहिजे. हवा ओढायचं तोंड असलेलाच घ्या, नाहीतर गादीवर लोळून घडी घालत बसाल. आणि दुकानात जाताना एक गादी बरोबर न्या. तोटी व्हॉल्व्हवर घट्ट बसते का, ते तिथंच बसवून बघा. दुकानदाराचं ‘सगळ्याला बसते’ माझ्या अनुभवात अर्धंच खरं असतं.

चाकाचा पंप घरी ठेवू नका, गाडीत असू द्या. २५ वर आलेलं चाक ३२ वर न्यायला पंधराएक लिटर हवा पुरते, तिथं त्याचं काम मिनिट-दोन मिनिटांचं. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत दोन्ही पंप दिवसभर सोडू नका. लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही.

संध्याकाळी टणक भरलेली गादी पहाटे मऊ लागली तर ‘फुटली’ म्हणून दिरांवर ओरडू नका. गारठ्यानं आतली हवा आकसते. झोपायच्या आधी अर्धा मिनिट पंप पुन्हा लावा. खालची थंडी गादीतूनही पाठीला लागतेच, म्हणून गादीवर घोंगडी अंथरा. घरात माणदेशी असेल तर तीच न्या.

तोट्या मात्र वेगळ्या पिशवीत, चेनच्या कप्प्यात ठेवा. माझी एक बामणोलीच्या गवतात पडली, ती अजून तिथंच असणार.