माता आरोग्याच्या डेटा कार्यक्रमाचं मध्यावधी मूल्यमापन करताना नेमकं काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर जिल्ह्यात गरोदर मातांच्या नोंदींचा पाच वर्षांचा कार्यक्रम अर्ध्यावर आलाय, त्याचं मूल्यमापन तुमच्याकडं आहे, तर निर्देशक कोणते घ्यावेत, नमुना किती घ्यावा आणि पोर्टल (ऑनलाइन नोंदी) व रजिस्टर ताडून पाहिलं की भागेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भागणार नाही. पोर्टल आणि रजिस्टर जुळलं तर कुणीतरी नक्कल नीट केली एवढंच कळतं. बाई आत्ता कुठं आहे, तिचं रक्त किती आहे, हे त्यातनं कळत नाही.

मी सव्वीस वर्षं आरोग्य सेविका होते, त्यातली शेवटची अकरा पंचगंगेकाठच्या एका उपकेंद्रात. अशाच एका कार्यक्रमाच्या अर्ध्यावरच्या तपासणीत माझ्या उपकेंद्रावर लाल शेरा पडला होता. तो अजून मनातून गेलेला नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

२०१८ चा जानेवारी होता, कारखान्यांचं गाळप जोरात. तिघांची टीम आली आणि पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बसली. माझं उपकेंद्र तिथून सात किलोमीटर, तिकडं कुणी फिरकलं नाही. मलाच रजिस्टर घेऊन बोलावलं. एक मुलगा टॅबवरची यादी आणि रजिस्टर शेजारी ठेवून बोट फिरवत खाली गेला. अकरा बायांपुढचे रकाने रिकामे. कुणाचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) नाही, कुणाची तिसरी तपासणी नाही, कुणाची प्रसूतीची तारीख नाही. "मॅडम, ही माहिती का भरली नाही?" मी म्हटलं, "ती माझ्याकडं नाही म्हणून." ते त्यानं लिहून घेतलं नाही. "माहिती अपूर्ण" एवढंच लिहिलं.

मग मी पिशवीतली माझी वही काढली. साधी दोनशे पानी वही, बाईच्या नावापुढं तिच्या आईचं गाव, भावाचा किंवा आईचा फोन, आणि कधी शेवटचं भेटले ती तारीख. अकरापैकी सातजणी पहिलटकरणी. ओटीभरण झालं की पोरगी माहेरी जाते, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं का? दोघी निपाणीकडं गेल्या होत्या, एक चिकोडीला, बाकीच्या आजरा-गडहिंग्लजच्या गावांत. राज्य बदललं, रजिस्टर बदललं, सिस्टर बदलली. पुढच्या तपासण्या तिकडं झाल्या असतील तर त्या तिकडच्या कागदावर. मी फोन करून विचारलेलं वहीत होतं, पण मी स्वतः मोजला नाही तो बीपी मी माझ्या सहीनं टॅबवर कसा भरू?

उरलेल्या चौघी ऊसतोडीच्या, बीडकडच्या. त्यातली एक दोन दिवसांपूर्वीच मला सापडली होती. टोळी पहाटे अंधारात फडात जाते, त्यामुळं मी दिवेलागणीनंतर कोप्यांवर, त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, गेले. सातवा महिना, ओठ पांढरेफटक, जिना नव्हता म्हणून बरं, चार पावलं चालली की बसत होती. एचबी ६.४. नवरा म्हणाला, "बाई, कोयता बसला तर उचल कशी फिटायची?" उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता, ती बसली की त्याचीही मजुरी बसते. मुकादमाशी अर्धा तास भांडले, गाडी बोलावली आणि तिला सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पाठवली. टीम माझं रजिस्टर तपासत होती तेव्हा तिला तिथं रक्त चढत होतं. टॅबवर मात्र तिची नोंद पुढं सरकेना, कारण तिच्या गावी कुणीतरी ती आधीच केली होती आणि ॲप सारखं "नाव आधीच आहे" म्हणत होतं. फोन नंबर मागितला तर तिच्याकडं फोनच नव्हता, मुकादमाचा टाकला. तपासणीची आठवण करून देणारे मेसेज पुढं त्यालाच जाणार होते.

हे सगळं मी त्या मुलाला वहीतून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वही अधिकृत नाही." त्याच्या जागी त्याचं बरोबर असेल. मला राग आला तो पुढच्या मासिक सभेत. आमच्या वरिष्ठांनी सगळ्यांपुढं मला उभं केलं आणि म्हणाले, "रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम." मी म्हटलं, "साहेब, रिकामा रकाना म्हणजे हातातनं सुटलेली बाई. तिला कुणी शोधायचं ते ठरवा." आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस हातात पडली.

त्या नोटिशीनंतर आमच्या पीएचसीत काय झालं, ते तुम्ही मूल्यमापन करणार आहात म्हणून नीट वाचा. रकाने भरायला लागले. माहेरी गेलेल्या पोरींचे बीपी इथं बसून भरले गेले, सगळ्यांचा ११०/७०. एचबी १०, १०, १०.२. कार्यक्रमाचा आलेख वर चढला आणि पुढच्या बैठकीत आमच्या पीएचसीचं कौतुक झालं. माझे रकाने तसेच राहिले, माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला. एका तपासणीनं आधीचे खरे रिकामे रकाने खोटे भरून घेतले, आणि कार्यक्रमाची उरलेली अडीच वर्षं त्या खोट्यावर चालली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याची किंमत दिसली. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कोल्हापूरला जायला वाट नाही. वरून निरोप आला, दिवस भरत आलेल्या बायांची यादी द्या, बोट आधी त्यांच्याकडं जाईल. शेजारच्या उपकेंद्राची यादी पोर्टलवरची, नऊ नावं, नोंद शंभर टक्के पूर्ण. बोट एकामागून एक तीन घरांना गेली. तिन्ही पोरी जूनमध्येच माहेरी गेलेल्या. आणि त्याच गावात बाळंतपणाला आलेल्या तीन माहेरवाशिणी होत्या, त्यांची नोंद सासरच्या गावी, म्हणून यादीत नावंच नाहीत. एकीला माळ्यावर कळा सुरू झाल्या होत्या. तिथल्या आशाताईला ती माहीत होती, तिनं कौलावरून ओरडून बोट वळवली. बाळंतीण आणि बाळ दोघंही वाचले. यादीवर विसंबून राहिलो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी आजही करते.

म्हणून माझं सांगणं, तपासणी उलटी करा. नावं पोर्टलवरून उचलू नका. गावात जा, आशाताईला, अंगणवाडी सेविकेला विचारा, वीटभट्टीवर जा, टोळीच्या कोप्यांवर जा, कुणाच्या घरी लेक बाळंतपणाला आलीय ते विचारा. त्या बायांची नावं घेऊन मग पोर्टलवर शोधा. किती सापडत नाहीत, तो तुमचा पहिला आकडा. सापडल्या त्यांच्यापुढचा फोन नंबर लावून बघा, कोण उचलतं ते लिहा. एचबी आणि बीपीचे रकाने वरून खाली एकदा नुसते वाचा. तेच तेच आकडे येत असतील, शेवटी शून्यच शून्य असेल, दोन वर्षांत ७ च्या खाली (म्हणजे रक्त फारच कमी) एकही एचबी नसेल, तर तिथं कुणी सुई टोचलेली नाही असं खुशाल समजा.

माता मृत्यू घटले का, हे अर्ध्यावर तालुक्याच्या आकड्यावरून ठरवू नका. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागं ३३ होतं. तालुक्यात वर्षाला चार हजार बाळंतपणं धरली तर वर्षाला एखादा-दुसरा मृत्यू येतो. एकाचे दोन झाले की अहवालात "दुप्पट वाढ" आणि दोनाचा एक झाला की "निम्मी घट", दोन्ही वाचून मला संताप येतो. त्याऐवजी हे मोजा: ७ च्या खाली एचबी सापडलेल्या किती जणींना रक्त मिळालं, आणि सापडल्यापासून किती दिवसांत. मृत्यूची चौकशी प्रत्येक वेळी कराच, पण ती एकेका बाईची गोष्ट म्हणून.

आणि सेविकेला एक प्रश्न विचारा, तिच्या वरिष्ठांना बाहेर बसवून: या टॅबमुळं गेल्या महिन्यात तू कुठल्या बाईकडं लवकर पोचलीस? तिला एकही नाव सांगता आलं नाही, तर अडीच वर्षांत माहिती फक्त खालून वर गेली. एकच माहिती ती किती ठिकाणी लिहिते तेही मोजा. मी एका बाईचं एक एचबी कार्डावर, रजिस्टरात, टॅबवर, कार्यक्रमाच्या तक्त्यात आणि माझ्या वहीत लिहीत होते.

पोर्टल नको असं मी म्हणत नाही. २००९ च्या शेवटी एमसीटीएस (माता-बालकांची नावानिशी ऑनलाइन नोंद) आलं त्याआधी वर नुसते आकडे जायचे. बाई नावानिशी वर जायला लागली याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आणि प्रत्येक रिकामा रकाना प्रामाणिक असतो असंही नाही, काही जणी खरंच फिरत नाहीत, त्यांना मी ओळखते. पण ते शोधायलाही गावातच जावं लागतं. नमुन्याचं गणित तुमच्यातल्या संख्याशास्त्रवाल्यांना विचारा, फक्त टोळ्या आणि माहेरवाशिणी त्यात वेगळ्या धरा, नाहीतर सरासरीत त्या दिसणार नाहीत.

तारीख तुमच्या हातात असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. पावसाळ्यानंतर लगेच आलात तर टोळ्यांच्या कोप्या अजून उभ्या राहिलेल्या नसतात आणि तुम्हाला सगळं पूर्ण दिसेल. कोप्यांवर संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा तिथं फक्त लहान पोरं आणि म्हातारी माणसं भेटतील. जाताना हिमोग्लोबिनोमीटर घेऊन जा. तिथं कुणीतरी पांढऱ्याफटक ओठांची निघेलच, आणि मग फॉर्म बाजूला ठेवून आधी गाडी बोलवा.